खताची गाडी ओढणारं इंजिन पाहून ठेवा

या पानावर एरवी आपण करपा, खोडकिडा, माती परीक्षण, नाहीतर एखाद्या योजनेची कागदपत्रं यांवर बोलतो. आज मात्र रेल्वेच्या एका इंजिनावर बोलायचं आहे. "साहेबाला हे काय सुचलं?" असं काहींच्या मनात येईल आणि त्यात चूक काही नाही. आपल्या वेल्हे तालुक्यात (सरकारी कागदावर आता राजगड तालुका) रुळाचा हातभर तुकडासुद्धा नाही. शेजारच्या भोरातही नाही. तोरण्यावर चढून चारी दिशा न्याहाळल्या तरी आगगाडी काही दिसत नाही.

तरीपण आवणीनंतर खाचरात जो युरिया तुम्ही मुठीनं फेकता, तो बहुतेक वेळा आगगाडीनंच आलेला असतो. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातला असो, गोव्याचा असो, की बंदरावर उतरलेला परदेशी असो; मालधक्क्यापर्यंत रेल्वे आणि तिथून सोसायटीपर्यंत ट्रक, हा त्याचा रस्ता. बंद वाघिणींच्या अख्ख्या गाडीला 'रेक' म्हणतात. जुन्या पद्धतीच्या रेकला बेचाळीसच्या आसपास वाघिणी आणि त्यात साधारण अडीच हजार टन माल. २०१८ पासून युरियाचं पोतं ५० ऐवजी ४५ किलोचं झालं. त्या हिशेबानं एका गाडीत पंचावन्न हजार पोती झाली. आपल्या तालुक्यातल्या सगळ्या सोसायट्यांची गोदामं भरून उरतील एवढा हा माल. तो वर्षानुवर्षं ओढणारं एक इंजिन आता संपत चाललं आहे. मला त्याचा नाद आहे. गेली पंधराएक वर्षं सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढायची, नसरापूर, कापूरव्होळ, नारायणपूर करत सासवड गाठायचं आणि पुढं आंबळे, राजेवाडी, जेजुरी, दौंडज, वाल्हे इथं कुठंतरी फाटकापाशी उभं राहून इंजिनांचे नंबर वहीत लिहायचे. घरची मंडळी हसतात. हसू द्यात.

नावातला हिशेब

या इंजिनाच्या वर्गाचं नाव डब्ल्यूडीजी-३ए. ऐकायला अवघड वाटतं, पण सातबारावरच्या गट नंबरासारखंच ते वाचायचं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे मालगाडीसाठी. तीन म्हणजे तीन हजार अश्वशक्ती आणि पुढचं ए म्हणजे वर शंभर. एकूण ३१०० अश्वशक्ती. तुमच्या नदीकाठच्या पाच अश्वशक्तीच्या पाणी उपसायच्या इंजिनाशी ताडून पाहा, तशी ६२० इंजिनं एका सांगाड्यात. वजन १२३ टन. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात १९९५ साली पहिलं इंजिन तयार झालं (तेव्हा या वर्गाला डब्ल्यूडीजी-२ म्हणत) आणि पुढच्या काळात अकराशेच्या वर बनली. कपाळावर पाच आकडी नंबर, तेरा किंवा चौदानं सुरू होणारा. आपल्या पुण्यात घोरपडीच्या शेडमध्ये या वर्गाची इंजिनं मोठ्या संख्येनं असायची.

याचं मूळ मात्र अमेरिकेतलं. अल्को नावाच्या कंपनीची डिझेल इंजिनं १९६२ मध्ये भारतात आली. मग करार करून वाराणसीत तीच बनू लागली. पहिलं इंजिन १९६४ च्या जानेवारीत बाहेर पडलं. २६०० अश्वशक्तीचं ते इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२, माल आणि प्रवासी दोन्ही ओढणारं. गंमत अशी की अमेरिकेतली मूळ कंपनी १९६९ साली बंद पडली आणि आपल्याकडे तोच वाण पुढं चाळीस वर्षांहून जास्त काळ चालत राहिला. निवड करत करत, ताकद वाढवत वाढवत त्याचीच पुढची पिढी म्हणजे हे ३१०० वालं. बियाण्याची कंपनी बुडाली तरी शेतकऱ्यानं बी राखून ठेवावं, तसलाच प्रकार.

चालतं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण ट्रॅक्टरवाल्यांना यात रस असतो. डिझेलवर चालणारं सोळा सिलिंडरचं यंत्र चाकांना थेट फिरवतच नाही. ते वीज तयार करतं. त्या विजेवर प्रत्येक आसाला लावलेली मोटार फिरते. दोन बोग्या, प्रत्येकीला तीन आस, म्हणजे एकूण सहा मोटारी. ड्रायव्हरच्या हातात आठ टप्प्यांचा दांडा असतो. भरलेली गाडी उठवताना टप्पे चढवले की आधी डिझेल जास्त जातं आणि हवा मागाहून येते, कारण हवा कोंबणारा टर्बो फिरायला थोडा वेळ घेतो. तेवढ्यात काळाकुट्ट धूर उसळतो. जुना ट्रॅक्टर चढावर दाबला की होतं तेच, फक्त शंभरपटीनं मोठं.

मालगाडीसाठी म्हणून याच्यात एक खास गोष्ट केलेली होती. जड नांगर लागला की जोडीतला एक बैल पुढं झेपावतो आणि दुसरा मागं रेटला जातो, हे तुम्ही पाहिलेलं आहे. इंजिनाच्या आसांचंही तसंच होतं. ओढ लागली की एका आसावरचा भार कमी होतो, दुसऱ्यावरचा वाढतो आणि हलकं झालेलं चाक रुळावर घसरतं. या वर्गाच्या बोगीत तिन्ही मोटारी एकाच दिशेला तोंड करून बसवल्या, त्यामुळं भार बराचसा सारखा राहिला आणि पकड वाढली. शिवाय पावसात चाकापुढं रुळावर वाळू सोडायची सोय असतेच. चिखलात रुतलेल्या गाडीच्या चाकाखाली आपण दगड-पाला घालतो, त्यातलाच हा प्रकार.

मिरजेचा रस्ता

मुंबईकडून पुण्यापर्यंत विजेची गाडी १९३० च्या सुमारासच आली. पण पुण्याच्या पुढं मिरजेकडं जायचं तर इंजिन बदला, हा नियम आपल्या डोळ्यांदेखत परवापरवापर्यंत होता. ही लाइन मूळची मीटरगेज, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टाकलेली. १९७१ च्या सुमारास ती ब्रॉडगेज झाली. पुणे सोडलं की आळंदी स्टेशनानंतर शिंदवण्याचा घाट चढायचा, पुढं नीरेपर्यंत उतरायचं, लोणंद-सालपे सोडलं की आदर्कीचा घाट चढायचा. दोन्ही घाटांत वळणं आणि बोगदे. तेव्हा रूळ एकेरी. अशा रस्त्यावर दोन डब्ल्यूडीजी-३ए पुढं जोडून मालगाडी निघाली की इंजिन दिसायच्या किती तरी आधी आवाज यायचा. उतरताना तर वेगळीच तऱ्हा. उतारावर त्याच सहा मोटारी उलट वीज तयार करून चाकांना रोखून धरतात आणि ती वीज इंजिनाच्या वरच्या बाजूच्या तारांच्या जाळीत तापवून उडवून देतात. तिला गार ठेवायला पंखा असतो, तो किंचाळतो. आदर्कीच्या वळणावर एकदा मी तो आवाज ऐकत पाऊण तास उभा होतो, आणि घरी डाळ आणायला सांगितली होती ती विसरलो.

याच लाइनवर किर्लोस्करवाडी आहे. आधी या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना घातला आणि लोखंडी नांगर गावोगाव गेले. आपल्या आज्या-पणज्यांनी धरलेला नांगर या रुळांवरून आला असण्याची शक्यता बरीच आहे. पुढं १९४६ मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या कारखान्यातली तेलाची इंजिनं तर घराघरांत गेली. म्हणून मी म्हणतो, रेल्वेशी आपलं नातं तिकिटाचं नसलं तरी अवजाराचं आणि खताचं आहे.

माझा नाद लागला तो चुलत्यामुळं. ते खताचा ट्रक चालवत. सात-आठ वर्षांचा असताना त्यांनी मला एकदा मालधक्क्यावर नेलं. माथाडींच्या पाठीवरून पोती उतरत होती, सगळीकडं पांढरी भुकटी, डोळे चुरचुरत होते, आणि समोर ते धूड नुसतं धगधगत उभं होतं. "बंद का नाही करत?" मी विचारलं. चुलते म्हणाले, "बंद केलं अन् परत चालूच नाही झालं म्हंजी?" मला ती थट्टा वाटली. पुढं कळलं की बरंचसं खरं होतं. ही इंजिनं थंड पडली की उठवायला त्रास देतात, म्हणून गाडी तासन् तास उभी असली तरी ड्रायव्हर मंडळी ती चालूच ठेवत. डिझेल फुकट जळायचं. नंतरनंतर काही इंजिनांत छोटं जोड-इंजिन बसवून हा खर्च कमी करायचा प्रयत्न रेल्वेनं केला.

माझी फजिती

या नादापायी माझी एकदा चांगलीच शोभा झाली, तीही सांगून टाकतो. २०१७ चा जुलै. भाताला फुटवे फुटायच्या दिवसांत दुसरा हप्ता द्यायचा होता आणि सोसायटीचं गोदाम मोकळं. रोज सकाळी लोक विचारायला येत. दक्षिणेकडून खताचा रेक निघाल्याचं कानावर होतं, कागद मात्र हातात नव्हता. रविवारी मी दौंडजला उभा होतो. नीरेकडून चढावर दोन डब्ल्यूडीजी-३ए आली, आठव्या टप्प्यावर, मागं बंद वाघिणी, दाबल्या गेलेल्या स्प्रिंगा. गाडी भरलेली होती यात शंका नव्हती. मी तिथूनच सोसायटीच्या सचिवांना फोन केला, "रेक आला. मंगळवारी खत लागतंय."

मंगळवारी पावसात तीस-चाळीस माणसं गोदामापुढं. दोन वाड्यांनी मिळून टेम्पो भाड्यानं केलेला. ट्रक आला नाही. दुपारी कळलं की ती गाडी साखरेची होती, सांगली भागातली, आणि पुणे ओलांडून उत्तरेकडं कधीच गेली होती. खत त्यानंतर चार दिवसांनी आलं. माणसं माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. एक आबा तेवढे शांतपणे म्हणाले, "साहेब, इंजिनाचा नंबर तुमाला कळतो, वाघिणीत काय हाय ते कळत न्हाई." टेम्पोचं भाडं मी दिलं. तेव्हापासून मालधक्क्यावरचा पक्का कागद पाहिल्याशिवाय मी खताची तारीख कुणाला सांगत नाही. ग्रामसेवक आणि सोसायटीचे सचिव हे वाचत असतील तर त्यांनाही हेच सांगणं आहे. कानावर आलेल्या तारखेवर टेम्पो ठरवायला लावू नका.

त्याच आबांनी पुढं एकदा मला विचारलं होतं, "खत आलं म्हंजी झालं. कुनी वढलं त्याचं काय?" मला त्यावर चटकन उत्तर देता आलं नाही. अजूनही पुरतं येत नाही.

कारण हिशेबानं पाहिलं तर डिझेल जाऊन वीज आली हे चांगलंच झालं आहे. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. मध्य रेल्वेचं सगळं ब्रॉडगेज जाळं, तीन हजार आठशे किलोमीटरच्या वर, फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेखाली आलं. आपली पुणे-मिरज लाइन त्यातच आली. आज मालगाडीला लावतात ते डब्ल्यूएजी-९ इंजिन एकटं सहा हजार अश्वशक्तीच्या वर. दोन जुन्यांचं काम एक करतं, धूर नाही, पुण्याला इंजिन बदलायला थांबणं नाही. आणि घाट उतरताना जी वीज आपलं जुनं इंजिन नुसती तापवून उडवून द्यायचं, ती हे नवं इंजिन वरच्या तारेत परत घालतं. परदेशातून विकत आणलेलं तेल जाळण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे, यात वाद नाही. मी स्वतः गावोगाव इंद्रायणी लावा म्हणून सांगणारा माणूस. वडगाव मावळच्या केंद्रानं आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला, १९८७ साली आलेला तो वाण. उत्पन्न जास्त, वास चांगला, दर बरा. त्यानं आंबेमोहोराची खाचरं किती खाल्ली हे मला पाठ आहे. तेव्हा जुनं गेलं म्हणून गळा काढायचा मला अधिकार नाही.

पण आंबेमोहोराचं बी कुणीतरी मडक्यात राखून ठेवतंच ना? आणि विजेची मोटार बसली म्हणून शहाणा शेतकरी तेलाचं इंजिन लगेच भंगारात घालत नाही. वादळात खांब पडला, डीपी जळाली की ताडपत्रीखालचं तेच बाहेर काढावं लागतं. रेल्वेनंही सगळी डिझेल इंजिनं मोडीत काढलेली नाहीत. आपत्तीच्या वेळी आणि देशाच्या संरक्षणाच्या गरजेसाठी काही राखून ठेवायचं धोरण आहे. मात्र त्यासाठी नवी, जास्त ताकदीची डिझेल इंजिनं हाताशी असल्यामुळं या जुन्या वाणाचा नंबर मागं पडतो. रेल्वेच्या नियमानं डिझेल इंजिनाचं आयुष्य ३६ वर्षांचं धरलेलं. म्हणजे १९९५ चं पहिलं इंजिनसुद्धा २०३१ पर्यंत चालायला हवं होतं. त्याआधीच यातली पुष्कळशी बाजूला उभी राहिली आहेत. बैल म्हातारा व्हायच्या आत गोठाच मोडला, असं झालं.

काहींचं वेगळंच झालं. वाराणसीच्या कारखान्यानं दोन डब्ल्यूडीजी-३ए घेऊन, आतलं डिझेल यंत्र काढून, त्यांची दहा हजार अश्वशक्तीची विजेवर चालणारी जोडी बनवली. १९ फेब्रुवारी २०१९ ला पंतप्रधानांनी तिला हिरवा झेंडा दाखवला. तो प्रयोग पुढं फार वाढला नाही. याच घराण्यातली ३३०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-३डी इंजिनं २०२० मध्ये दहा आणि २०२३ मध्ये वीस बांगलादेशाला दिली गेली. तिकडं ती अजून राबत असतील. घोरपडीच्या शेडमध्येही आता विजेची इंजिनं सांभाळली जातात. आयटीआयला डिझेल मेकॅनिक करून रेल्वेत लागायचं, असं मनात धरलेल्या पोरांनी आणि त्यांच्या पालकांनी एवढं लक्षात घ्यावं. वीजतंत्रीच्या ट्रेडचीही चौकशी करा.

एक सूचना मात्र नीट वाचा. पुरंदर, खंडाळा, फलटण, कोरेगाव भागात ज्यांचं जाणं-येणं आहे, ऊसतोडीला किंवा कडबा आणायला जे जातात, त्यांच्यासाठी ही आहे. रुळांवरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. आपल्या घरातल्या विजेच्या शंभरपट. तारेला हात लागलाच पाहिजे असं नाही, फार जवळ गेलं तरी झटका बसू शकतो. फाटकाच्या दोन्ही बाजूंना जी लोखंडी कमान उभी केलेली असते, ती शोभेची नाही. कमानीला लागेल एवढी उंच कडब्याची गाडी किंवा उसाची ट्रॉली असेल तर ती पलीकडं नेऊच नका, भार उतरवा. ट्रॉलीवर माणसं बसवून फाटक ओलांडू नका. शेरडांना पाला काढायची लांब आकडी किंवा ओला बांबू खांद्यावर उभा धरून रूळ ओलांडू नका. डिझेलच्या काळात ही सवय खपून गेली, आता खपणार नाही. आणि माझं पाहून कुणी इंजिनाचे फोटो काढायला रुळात उतरू नये. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमानं तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फाटकाबाहेरून सगळं दिसतं.

पूर्वी एका रविवारात वहीचं पान भरायचं. आता तीन-चार फेऱ्या रिकाम्या जातात. ही इंजिनं जिथं उरली आहेत तिथं खडी नाहीतर रूळ वाहणाऱ्या कामाच्या गाड्यांना जोडलेली, किंवा यार्डात वाघिणी इकडच्या तिकडं करत असलेली दिसतात. गेल्या उन्हाळ्यात राजेवाडीजवळ एक दिसलं. खडीची गाडी होती, वर विजेची तार, खाली हे, धुरानं काळं पडलेलं. रंग उडालेला, पण नंबर वाचता येत होता. बांधावर शेळ्या राखत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "काय मोजताय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "ह्येचा आवाज वळखीचा हाय. रातचं पानी द्यायला गेलं की ह्येच्यावरनं टाइम कळायचा. आता गाडी कवा गेली त्ये कळतबी न्हाई."

ते वाक्य मी नंबराच्या खाली लिहून ठेवलं. वहीत त्या पानाच्या मागच्या बाजूला त्याच आठवड्याचा सोसायट्यांचा खतसाठा लिहिलेला आहे. तुमच्यापैकी कुणी मालधक्क्यावर हमाली केली असेल, खताचा ट्रक चालवला असेल, घरात तिथला एखादा जुना फोटो असेल, तर आवणीच्या आधी मी गावात बैठकीला येईन तेव्हा सांगा. बियाण्याला मीठपाण्याची प्रक्रिया करून दाखवायची आहेच, ती उरकली की बसू.